स्मरणचित्र

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांत स्मरणचित्राचा एक पेपर असतो. विषय साधारण ठरलेले : आठवडी बाजार, बसस्थानक, पोळा, पाणवठ्यावरच्या बायका. समोर काही मांडलेलं नसतं. पाहिलेलं आठवायचं आणि वेळेत कागदावर उतरवायचं. वलगावच्या शाळेत मी हा पेपर वर्षानुवर्षं मुलांकडून करून घेत आले. त्यावरून एक गोष्ट खात्रीनं सांगते, मुलं आठवून काढत नाहीत, पाठ केलेलं काढतात. डाव्या कोपऱ्यात झाड, मागे दोन घरं, पुढे पाठमोरी बाई. पाठमोरी एवढ्यासाठी की चेहरा काढायचं संकट टळतं. आमच्या गावाला पेढी नदी आहे. तिच्या पुलावर २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला, त्यामुळे डिसेंबर आला की खापर आणि खराटा घेतलेले बाबा प्रत्येक वहीत उभे राहतात. तेही कॅलेंडरातले असतात. ज्या पुलावरून रोज सायकल घालतात, तो पूल मागे काढायचं एकालाही सुचत नाही.

खरोखर आठवून काढायला बसलं, आणि आठवण माणसं मारली जाण्याची असली, तर हाताचं काय होतं? हा प्रश्न मला तैयब मेहतांच्या चित्रांपाशी पडला. नंतर तो मला दूरदूरच्या चित्रकारांकडे घेऊन गेला.

१९४७ साली तैयब बावीस वर्षांचे होते. जन्म गुजरातेत कपडवंजचा, वाढले मुंबईत, दाऊदी बोहरा घरात. फाळणीच्या दंग्यांच्या दिवसांत महंमद अली रोडवरच्या लेहरी हाउसमधून त्यांनी खाली रस्त्यावर पाहिलं. जमावानं एका तरुणाला गाठलं होतं. मारून मारून त्याला संपवलं, दगडांनी डोकं ठेचलं. तैयबना ताप भरला आणि कित्येक दिवस उतरला नाही. रक्त बघवत नाही, हिंसा सोसवत नाही ते तेव्हापासून, असं पुढे मुलाखतींतून ते सांगत राहिले.

फाळणीत किती माणसं मेली याचे अंदाज दोन लाखांपासून वीस लाखांपर्यंत जातात. सव्वा कोटीहून जास्त लोकांची घरं सुटली. एका समूहाला समूह म्हणूनच नष्ट करायच्या हेतूनं केलेलं कृत्य म्हणजे वंशसंहार, अशी व्याख्या संयुक्त राष्ट्रांनी ९ डिसेंबर १९४८ च्या करारात केली. तिच्यात फाळणीच्या कत्तली पूर्ण बसतात की नाही, यावर अभ्यासकांचे वाद चालू आहेत. मी चित्रकलेची शिक्षिका, तो निवाडा माझा नाही. एवढं खरं की तो तरुण त्यानं काही केलं म्हणून नव्हे, तो कोणातला आहे एवढ्यावरून मारला गेला. सगळ्या वंशसंहारांचं मूळ इथंच असतं.

आता तैयबनी पुढे काय काढलं ते बघा. त्यांच्या गाजलेल्या चित्रांत महंमद अली रोड नाही, जमाव नाही, दगड नाहीत. १९५६ साली त्यांनी एक बैल काढला. पाय बांधून आडवा पाडलेला, अंगाची मोटली झालेला. वांद्र्याच्या कत्तलखान्यात बैल असे पाडतात ते त्यांनी पाहिलं होतं. एवढी ताकद आणि तिला जायला वाट नाही, हे त्यांच्या मनातून गेलं नाही. १९६५ च्या सुमाराला पडणारा माणूस आला. कुठून पडतोय, कुठं पडतोय ते चित्रात दिसत नाही, नुसता पडतोय. १९६८ च्या पहिल्या त्रैवार्षिक प्रदर्शनात, दिल्लीत, या चित्राला सुवर्णपदक मिळालं. पुढे हातरिक्षा ओढणारे आले, कालीमाता आली, महिषासुर आला. १९७० साली त्यांनी ‘कूडल’ नावाचा लघुपट केला, त्यासाठी कॅमेरा घेऊन ते पुन्हा कत्तलखान्यात गेले. २ जुलै २००९ रोजी ते मुंबईत वारले. सहा दशकं हा माणूस एकाच स्मरणचित्राचा पेपर सोडवत होता, आणि त्यात मूळ प्रसंग एकदाही आला नाही.

त्यांच्या चित्रात रक्त का नाही, असं माझी मुलं नेहमी विचारतात. ‘मॅडम, याच्यात मारामारी तं दिसूनच नाही राह्यली.’ मग मी त्यांना पट्टी ठेवून चित्र दाखवते. रंग सपाट आहेत, छायाप्रकाश नाही. म्हणजे डोळ्याला विसावायला खोली नाही, मागे पळायला जागा नाही. आकृतीची कडा एकसारखी, थंड. १९६९ साली, अमेरिकेतून परतल्यावर, चित्र जमेना म्हणून वैतागून त्यांनी कॅनव्हासवर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे तिरका पट्टा ओढला आणि तिथून त्यांची पुढची वाट निघाली. तो पट्टा अंगावरून जातो. डोकं एका बाजूला राहतं, हात दुसऱ्या. सुरी कुठंच काढलेली नाही, तरी माणूस कापला गेलेला आहे. मुलं मग थोडा वेळ बोलत नाहीत. नंतर एखादा हमखास म्हणतो, ‘पण मॅडम, हे तं सोपं आहे, पट्टी मारली की झालं.’ मी म्हणते, मार. मारतो, आणि त्याच्या चित्रातला माणूस जसाच्या तसा उभा राहतो. तैयबनी स्वतःचीच कितीतरी चित्रं पसंत न पडल्यामुळे नष्ट केली, हे मी त्याला नंतर सांगते.

माझं माहेर तळेगाव दशासर, शंकरपटाचं, म्हणजे बैलांच्या शर्यतींचं तळेगाव. माझा धाकटा भाऊ तिथं शेती करतो आणि पटाच्या बैलांवर त्याचा फार जीव. एकदा तो आला असताना त्याला मोबाइलवर तो १९५६ चा बैल दाखवला. माणसाच्या चित्रात त्याला रस नव्हता, पण बैल म्हटल्यावर त्यानं फोन हातात घेतला.

‘ताई, याले पत्र्या माराले पाडला काय?’

बैलाच्या खुरांना पत्र्या ठोकायच्या तर त्याला असंच दोरानं पाडून पाय आवळतात, ते त्याच्या डोळ्यांपुढे आलं. मी म्हटलं, नाही रे, कत्तलखान्यातला आहे.

तो बराच वेळ बघत राहिला. ‘मंग बरोबर काढला. पाय बांधले तरी बैल अंग टाकून देत नाही. आतून जोर लावतच राह्यते. मान पाह्य ना, मान कशी गेली ते.’

कलेवरच्या पुस्तकांत या चित्राबद्दल पुष्कळ वाचलं आहे. मानेबद्दल इतकं नेमकं कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

तैयब एकटे नव्हते. लाहोरहून आलेले कृष्ण खन्ना मुंबईत बँकेत नोकरी करत होते. त्यांनी १९४८ साली गांधीजींच्या हत्येची बातमी काढली. गांधीजी चित्रात नाहीत. रस्त्यावर जमलेली माणसं आहेत, ज्याच्या त्याच्या हातात वर्तमानपत्र, आणि प्रत्येक जण आपल्यापुरता वाचतोय. नलिनी मलानी १९४६ साली कराचीत जन्मल्या आणि फाळणीनं त्यांचं घर इकडे आलं. पुढे मुंबईत शिकल्या. पारदर्शक प्लास्टिकच्या नळकांड्यांवर आतून चित्रं काढायची, ती फिरती ठेवून त्यांतून प्रकाश सोडायचा आणि सावल्या भिंतीवर फिरू द्यायच्या, ही त्यांची रीत. अशा खोलीत उभं राहिलं की आपलीही सावली त्या चित्रात मिसळते, त्यामुळे बघणारा बाहेर राहत नाही.

मला मात्र सगळ्यात जवळची वाटते ती एक शिक्षिका. फ्रीडल डिकर-ब्रँडाइस. जन्म व्हिएन्नात, १८९८ चा. योहानेस इटेन यांची ती विद्यार्थिनी. तेच इटेन, ज्यांचं बारा रंगांचं रंगचक्र आजही आपल्याकडच्या कलाशिक्षक पदविकेच्या मुलांना रंगवावं लागतं. त्यांच्या मागोमाग ती वायमारच्या बाउहाउस शाळेत गेली. कापड, फर्निचर, नाटकाचे पोशाख, सगळ्यात तिचा हात चाले. घर ज्यू. डाव्या विचारांची म्हणून व्हिएन्नात अटक झाली, मग प्राग गाठलं. पॅलेस्टाइनला जायचा परवाना तिला मिळाला होता. नवऱ्याला मिळाला नाही, म्हणून तीही गेली नाही. डिसेंबर १९४२ मध्ये दोघांना तेरेझिनच्या छावणीत नेलं. प्रागजवळचं हे जुनं तटबंदीचं गाव. तिथं सुमारे एक लाख चाळीस हजार ज्यूंना कोंडलं गेलं. तेहतीस हजारांच्या आसपास तिथंच भुकेनं आणि रोगानं मेले, आणि अठ्ठ्याऐंशी हजारांच्या आसपास पूर्वेकडे, आउश्विट्झच्या संहारछावणीत आणि इतर ठिकाणी, धाडले गेले.

बरोबर न्यायला पन्नास किलोपर्यंत सामान. फ्रीडलनं त्यात चित्रांचं साहित्य भरलं. छावणीत मुलांना रीतसर शिकवायला बंदी होती. चित्रकला मात्र चालत असे, बहुधा तिच्यात धोका आहे असं कुणाला वाटलं नसावं. (शाळेच्या वेळापत्रकात आमचा तास आजही शेवटचा असतो, तो याच समजुतीमुळे.) मुलींच्या वसतिगृहात, तीनमजली फळ्यांच्या खाटांमध्ये, तिचे वर्ग चालत. कागद म्हणजे कचेरीतले जुने फॉर्म, वेष्टनं, कोरी पाठ मिळेल ते. ती ताल धरून रेषा मारायला लावी, आधी मनगट सैल करून घेई. रंग संपले तर कागद फाडून चिकटचित्रं. जुन्या थोर चित्रकारांच्या चित्रांतली रचना फाडलेल्या तुकड्यांतून मांडायला सांगे. उपाशी, आईबापांपासून तुटलेल्या पोरांना ती रचना शिकवत होती! प्रथम वाचलं तेव्हा मला हा हट्टीपणा वाटला. पुढे वर्गात तेच व्यायाम घेऊन पाहिले, आणि लक्षात आलं की रेषेचा ताल सांभाळताना मुलाला तेवढा वेळ दुसरं काही सांभाळावं लागत नाही.

तिच्या मुलांनी काय काढलं? घरं, फुलदाणी, खिडकी, नदी, जेवणाचं टेबल, फुलपाखरं. छावणीही आहे, खाटा आणि पहारेकरी आहेत, पण कमी. आणखी एक गोष्ट, ती प्रत्येक मुलाला चित्रावर नाव घालायला लावी. ज्या व्यवस्थेत माणूस म्हणजे वाहतुकीच्या यादीतला आकडा होता, तिथं. मी वर्गात आता तसंच करते, पूर्ण नाव आणि तारीख. शासकीय परीक्षेत मात्र नाव घालायची बंदी असते, नुसता आसन क्रमांक. त्यामागचं कारण योग्यच आहे, तपासणाऱ्याला ओळख पटू नये. तरी आकडा घालताना मला दरवेळी बारीकशी टोच लागते.

सप्टेंबर १९४४ च्या अखेरीस तिच्या नवऱ्याला छावणीतून पुढे धाडलं. फ्रीडलनं त्याच्या मागून जायला स्वतःहून नाव दिलं. जाण्याआधी मुलांची चित्रं दोन सुटकेसमध्ये भरून ठेवली. ९ ऑक्टोबर १९४४ ला आउश्विट्झ-बिर्केनाऊत तिला मारलं. तिच्या वर्गातली बहुतेक मुलंही गेली. नवरा वाचला. १९४५ च्या उन्हाळ्यात ज्या माणसाच्या हाती त्या सुटकेस आल्या, त्यानं त्या प्रागला पोचवल्या. साडेचार हजारांच्या आसपास चित्रं आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत, त्यांतली काही पिंकास सिनेगॉगमध्ये बघायला मिळतात. नावं होती म्हणून कुठलं चित्र कुणाचं, तो मुलगा कधी जन्मला, त्याला कुठल्या दिवशी नेलं, हे जुळवता आलं. प्रागमध्ये तिच्या हाताखाली शिकलेली ईडिथ क्रेमर पुढे अमेरिकेत गेली. आज मनाच्या दुखण्यावर चित्रकलेचा उपचार केला जातो, त्याचा पाया घालणाऱ्यांत ती मोजली जाते.

त्याच छावणीत हेल्गा वाइसोव्हा नावाची मुलगी होती. तिला वडिलांनी सांगितलं, दिसेल ते काढ. तिनं अन्नासाठीच्या रांगा काढल्या, प्रेतांची गाडी काढली, अंगावर सामान बांधलेली माणसं काढली. ती वाचली, चित्रकार झाली. वडील परतले नाहीत. मग फ्रीडल बरोबर की हेल्गाचे वडील? सहकाऱ्यांशी मी यावर भांडले आहे, आणि दोघांनाही सोडायला माझं मन तयार नाही. हेल्गाच्या चित्रात छावणी कळते. फ्रीडलच्या वर्गातल्या चित्रांत छावणीनं काय गिळलं ते कळतं.

मोठ्यांची तर गोष्टच वेगळी. बेडरिच फ्रिटा, लिओ हास, ओटो उंगार हे दिवसा नाझींच्या तांत्रिक कचेरीत नकाशे काढत आणि चोरून खरी छावणी काढत. जून १९४४ मध्ये रेडक्रॉसचे पाहुणे येणार म्हणून नाझींनी गाव रंगवून सजवलं, बाकं मांडली, मुलांना खेळायला लावलं. पाहुणे समाधानानं गेले. या चित्रकारांची चित्रं त्या देखाव्याच्या विरुद्ध पुरावा होती. जुलैमध्ये त्यांना कुटुंबांसकट पकडलं. उंगारची बोटं ठेचली, म्हणजे हा हात काय करू शकतो ते नाझींना बरोबर कळलं होतं. फ्रिटा आउश्विट्झला मेला. पकडले जाण्याआधी चित्रं लपवलेली होती, काही जमिनीत पुरून. हास जगला, चित्रं काढून आणली आणि फ्रिटाच्या पोरक्या टॉमीला दत्तक घेतलं. त्या टॉमीच्या तिसऱ्या वाढदिवसाला, जानेवारी १९४४ मध्ये, फ्रिटानं छावणीतच त्याच्यासाठी एक चित्रांचं पुस्तक केलं होतं. त्यात केक आहे, बाहेरचं जग आहे, मोठेपणी तू कोण होशील याच्या गमती आहेत. भिंतीत आणि मातीत लपवायची चित्रं काढणाराच हा हात. एकच माणूस साक्षही देतो आणि लेकराला हसवतोही, त्यामुळे चित्रानं अमुकच केलं पाहिजे असं म्हणणाऱ्यांवरचा माझा विश्वास उडाला.

व्हिएन्नाहून एक वाट तेरेझिनला गेली, तशी एक मुंबईला आली. १९३८ साली हिटलरनं ऑस्ट्रिया गिळल्यावर वाल्टर लँगहॅमर हा चित्रकार आपल्या ज्यू पत्नीला, केटला, घेऊन मुंबईत आला आणि ‘टाइम्स ऑफ इंडिया’चा कलासंचालक झाला. इमॅन्युएल श्लेसिंगर हाही व्हिएन्नाचाच, औषधांच्या धंद्यात शिरला आणि नव्या चित्रकारांची चित्रं विकत घेऊ लागला. बर्लिनचा रुडी फॉन लायडन त्याआधी १९३३ पासून इथं होता, तो कलेवर लिहीत असे. लँगहॅमरच्या घरी रविवारी तरुण चित्रकार जमत. युरोपातल्या चित्रांच्या छपाईच्या प्रती बघत, वाद घालत. त्यांतलेच काही १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये एकत्र आले : सूझा, रझा, आरा, हुसेन, बाकरे आणि गाडे.

हे गाडे म्हणजे हरी अंबादास गाडे, जन्म १९१७, गाव तळेगाव दशासर. माझ्या माहेरचे! लहानपणी मला हे कुणी सांगितलं नाही. पटात पहिल्या आलेल्या जोड्यांची नावं मात्र सांगितली. विज्ञानाची पदवी घेतलेले गाडे नागपूरच्या कलाशाळेत शिकले आणि मुंबईत त्यांना व्हिएन्नातून जीव वाचवून आलेल्या माणसांची शाबासकी मिळाली. त्यांनी घरं, गल्ल्या, डोंगर रंगवले, रंगाच्या घट्ट थरांत. कत्तलीचा विषय त्यांचा नव्हता. पण युरोपातल्या त्या संहारानं उधळलेली माणसं वऱ्हाडातल्या एका पोराच्या पॅलेटपर्यंत पोचली, ही गोष्ट आमच्या जिल्ह्यातल्या चित्रकलेच्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असायला हवी असं मला वाटतं.

अर्शिल गॉर्कीचं चित्र मी मुलांना हातांसाठी दाखवते. हात काढायचा कंटाळा म्हणून ते नेहमी खिशात घालतात. गॉर्की आर्मेनियन, तुर्कस्तानातल्या व्हान परगण्यातला. १९१२ साली त्याचा आणि आईचा एक फोटो काढून अमेरिकेतल्या वडिलांना पाठवला होता. १९१५ मध्ये ऑटोमन सरकारनं आर्मेनियनांचा संहार सुरू केला, मायलेकरं पायी पळाली, आणि १९१९ मध्ये आई येरेवानला भुकेनं मेली. पोरगा अमेरिकेत पोचल्यावर तो फोटो त्याच्या हाती लागला. १९२६ च्या सुमाराला त्यावरून चित्र सुरू केलं आणि दहा वर्षं करत राहिला. दोन मोठी रूपं आहेत, एक न्यूयॉर्कला, एक वॉशिंग्टनला. चेहरे घासून घासून पोर्सेलिनसारखे गुळगुळीत केलेत. आईचे हात मात्र पुसट, पांढरे, बोटांशिवाय. फोटोत बोटं स्पष्ट आहेत. त्याला हात काढता येत नव्हते असं म्हणायची सोय नाही, त्याच्या रेखाटनांत सुंदर हात आहेत. त्यानं ते तसेच ठेवले.

कंबोडियाचा वान नाथ याच्या अगदी उलट. तो पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं रंगवणारा. ख्मेर रूजच्या राजवटीत, १९७८ च्या सुरुवातीला, त्याला नोम पेन्हच्या एस-२१ तुरुंगात आणलं. ही मुळात शाळेची इमारत, वर्गांच्याच कोठड्या केलेल्या. तिथं बारा हजारांहून जास्त माणसं नेली, जगली ती बोटांवर मोजण्याएवढी. तो जगला, कारण राजवटीचा प्रमुख पोल पॉट याची चित्रं काढायला चित्रकार हवा होता. राजवट पडल्यावर त्याच इमारतीचं संग्रहालय झालं आणि त्यानं तिथं राहून छळाची चित्रं केली. पाण्यात बुडवणं, नखं उपटणं, आईच्या कुशीतून मूल ओढणं. पोस्टरवाल्याच्या साध्या हातानं, काही न लपवता. कलासमीक्षकाला ती ढोबळ वाटतील. पण तुरुंगानं कैद्यांचे हजारो फोटो काढले तरी छळाचा फोटो काढला नव्हता. तो अनुभव डोळ्यांत साठवलेला माणूस जिवंत होता, तोच पुरावा. २००९ साली तुरुंगाचा प्रमुख डुच याच्यावर खटला चालला, तेव्हा वान नाथनं साक्ष दिली. २०१० मध्ये डुच दोषी ठरला. २०११ मध्ये वान नाथ गेला. रक्त न दाखवणाऱ्या तैयबांचं मी एवढं कौतुक केलं, पण तोच नियम वान नाथला लावायला मी तयार नाही.

आमच्याकडे नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत दंगल झाली. मोर्चा, बंद, दुकानांची मोडतोड, संचारबंदी, इंटरनेट बंद. याची तुलना मी वरच्या कशाशीही करत नाही, करू नये. शाळा सुरू झाल्यावर स्मरणचित्राचा तास आला. मी विषय दिला ‘बाजार’, नेहमीचाच. दंगलीचं नाव काढलं नाही. कुणी जाळपोळ काढली नाही, टीव्हीवर तर तेच चाललं होतं. एका मुलीनं बाजार काढला आणि त्यात माणूस एकही नाही, भाजीचे ढीग मांडलेले. शहरात दुकान असलेल्या घरातल्या एका मुलानं शटर काढलं, त्याला एक कुलूप, मग दुसरं, मग पूर्ण कागदभर कुलपं. पोरगं एरवी वर्गात टारगट. मी गुण दिले नाहीत, नाव आणि तारीख घालून घेतली. झाडं-घरं-पाठमोरी बाई त्या दिवशी कुणाच्याच कागदावर नव्हती.

नंतर भाऊ पुन्हा आला तेव्हा मी त्याला सांगितलं की तो बांधलेला बैल आठवतो ना, तो एप्रिल २०२५ मध्ये लिलावात ६१ कोटी ८० लाखांना गेला.

‘एका बैलाचे एकसष्ट कोटी!’ तो हसला. पटाच्या एका जोडीला त्याच्या माहितीत मिळालेला सगळ्यात मोठा भाव सांगितला, त्यावरही हसला. मग मी त्याला महंमद अली रोडची हकिकत सांगितली, ती त्याला ठाऊक नव्हती. कप खाली ठेवून तो म्हणाला,

‘अन् त्या पोराचं नाव काय होतं? ज्याले मारलं त्याचं.’

तैयबनी सांगितलेल्या हकिकतीत नाव नाही, मी म्हटलं. ते वरून बघत होते, ओळखीचा नव्हता.

‘मंग चित्राखाली काय लिवलं हाये?’

‘ट्रस्ड बुल. बांधलेला बैल. आणि तैयबची सही.’